जावांचं विरजण

त्या वर्षी सांगोल्यात दही लागेनासं झालं.

एखाद्या घरात नव्हे, सगळ्या गावात. उन्हाळा होळीआधी येतो आणि गणपतीपर्यंत मुक्काम ठोकतो, याची लोकांना एव्हाना सवय झाली होती. दुपारी रस्ते ओस, शाळा पहाटे, लग्नं सूर्य वर यायच्या आत. हे सगळं माणसांनी मुकाट्यानं पचवलं. पण ताटातलं दही गेलं आणि माणसं खवळली. दूध कोमट करावं, विरजण लावावं, विश्वासानं झाकण ठेवावं आणि सकाळी उघडून पाहावं तर बोटाला तार येणारं आंबूस पाणी! पाकिटातलं विरजण आणून पाहिलं, तर त्यातल्या जंतूंना म्हणे विषाणूंची साथ लागली होती. जंतूंनाही साथ लागते हे ऐकून निम्म्या गावाला उगाचच बरं वाटलं.

कारण साधं होतं. आपल्या घरच्या दह्यातले जंतू सुखवस्तू स्वभावाचे. माफक ऊब मिळाली की ते कामाला लागतात. पण रात्रीसुद्धा घर तापलेलं राहू लागलं, तेव्हा त्यांनी अंग टाकलं. मग पुण्याच्या एका प्रयोगशाळेला आढळलं की काही जुन्या विरजणांमध्ये चिवट वाणाचे जंतू अजून तग धरून आहेत. एक वाण गोल, मण्यांच्या माळेसारखं. दुसरं लांबट, काडीसारखं. प्रयोगशाळेनं दोन्ही वाणांना चिकटणाऱ्या दोन खुणा तयार केल्या. प्रसूतिगृहात बाळाच्या मनगटाला आईच्या नावाची पट्टी बांधतात ना, तशीच ही खूण. ती फक्त त्याच वाणाच्या जंतूला चिकटते, दुसऱ्याला नाही. गोल वाणाच्या खुणेला हिरवा रंग, काडीवाल्याला तांबडा. आता घरोघरची विरजणं तपासायची, ज्या घरात चिवट वाण सापडेल तिथलं विरजण वाढवायचं आणि अख्ख्या तालुक्याला वाटायचं, असा बेत होता.

बेत चांगलाच होता, पण त्याला एक शेपूट होतं. असलं विरजण काही वाऱ्यानं पसरत नाही. ते वाटीतून जातं, मागून आणलेलं असतं. त्यामुळे ज्या दोन घरांत एकच वाण, त्या दोन घरांमध्ये कधी ना कधी वाटी फिरलेली असणार. म्हणजे हे यंत्र नुसते जंतू दाखवत नव्हतं. कोण कुणाच्या दारात उभं राहिलं होतं तेही दाखवत होतं. जतकडच्या एका खानदानी घराचं विरजण त्यांच्याच मोलकरणीच्या घरातून आलेलं निघालं, तर ते घर आठवडाभर दारं लावून बसलं. मोलकरणीनं मात्र त्या आठवड्यात दारात रांगोळी काढली.

सांगोल्यात हे यंत्र बसवायला आली ईश्वरी तोडकर. वय तिशीचं, नोकरी पुण्याच्या त्याच प्रयोगशाळेत, गाव हेच. सांगोल्याचं काम तिनं मागून घेतलं होतं. सुट्टीही वाचणार होती आणि लग्नाची तयारीही होणार होती. तिचं लग्न पुढच्या महिन्यात अकलूजच्या ओजसशी ठरलं होतं. ओजसकडून काही अडचण नव्हती. अडचण तोडकरांकडून होती.

तोडकरांच्या दोन सुना म्हणजे ईश्वरीची आई रूपाली आणि काकू शीतल. एका भिंतीच्या दोन बाजूंना राहायच्या आणि एकमेकींशी बोलायच्या नाहीत. रूपाली बँकेत नोकरीला होती तेव्हा ईश्वरीला न्हाऊमाखू घालून शाळेत धाडलं ते शीतलकाकूनं. त्यामुळे ईश्वरीला लहानपणी दोन स्वयंपाकघरं होती. मग नव्या घराच्या वास्तुशांतीला, भरल्या पंगतीत, शीतल म्हणाली, "ताई, कढी जरा पातळ झालीय का?" झालं. पंगत उठली आणि बोलणंही उठलं. त्यावर एक तप उलटलं. अबोल्याचाही हिशेब असतो, आणि या दोघींनी तो इतका चोख ठेवला होता की एकीनं संक्रांतीला तिळगूळ भिंतीवर ठेवला तर दुसरी रथसप्तमीला बरोबर तेवढाच ठेवायची. एक वडीही जास्त नाही.

त्यातून दोघींचा दावा एकच. सासूबाईंचं विरजण माझ्या घरात जिवंत आहे. तिच्या घरात पाकिटाचं असतं.

"ती मांडवात आली तर मी येणार नाही," रूपालीनं लेकीला बजावलं होतं. काकूनं इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं. ती फक्त म्हणाली, "तुझी आई नको म्हणत असेल तर मी इथूनच अक्षता टाकीन गं. भिंतीवरून." आणि पदरानं डोळे टिपले. हे जास्त वाईट होतं.

---

यंत्र बसलं ते दूध संघाच्या जुन्या शीतगृहात, कारण गावात दिवसा काळोख मिळेल अशी तेवढीच जागा. ईश्वरीनं दारा-खिडक्यांच्या फटींना काळं कापड लावलं, दिवा भिंगाच्या बरोबर मध्यावर आणला, फिल्टर बसवले. तांबड्या खुणेचा फिल्टर कुरियरमध्येच अडकला होता, म्हणून त्या दिवशी फक्त हिरव्या खुणेची तपासणी व्हायची होती.

"काळोख कशाला एवढा?" दूध संघाचे अध्यक्ष स्वप्नीलराव दारातून विचारत होते. गृहस्थ साठीचे, मिशा पांढऱ्या, पण नाव अजून कॉलेजातलं. "आमच्या वेळी मायक्रोस्कोप खिडकीत ठेवायचे."

"त्यात बाहेरचा उजेड पदार्थातून आरपार येतो, काका. इथं पदार्थानं स्वतः उजेड द्यायचाय." ईश्वरीनं निळा दिवा लावून दाखवला. "हा निळा उजेड खुणेवर पडतो. खूण तो गिळते, थोडी शक्ती स्वतःकडे ठेवते आणि उरलेल्या शक्तीचा हिरवा उजेड परत करते."

"म्हणजे शेजारीण वाटीभर साखर नेते आणि पाऊण वाटी परत करते, तसं."

"अगदी तसंच. मध्ये हा तिरपा आरसा आहे. तो निळ्याला खाली वळवतो आणि हिरव्याला वर डोळ्याकडे सोडतो. वरचा फिल्टर चुकूनमाकून आलेला निळा अडवतो. म्हणून ज्याला खूण चिकटली तेवढंच चमकतं. बाकी सगळं काळं."

"आणि पूजा कधी?"

ईश्वरी थबकली. "कसली पूजा?"

"अहो मॅडम, दूध काढायचं यंत्र आलं तरी आपण पूजा करतो. हा तर एवढा मोठा मायक्रोस्कोप! हळद-कुंकू लावल्याशिवाय चालू करायचा? सुवासिनी बोलावल्यात मी."

सुवासिनी पाच होत्या, तपासायला आपापल्या घरच्या दह्याची वाटी घेऊन आलेल्या, आणि त्यांत स्वप्नीलरावांनी मुद्दाम दोन्ही तोडकर जावा बोलावल्या होत्या. गावच्या भांडणात अध्यक्षाला नेहमीच रस असतो. यंत्राच्या उजव्या बाजूला रूपाली उभी राहिली, डाव्या बाजूला शीतल. रूपालीनं यंत्राला हळदीचं बोट लावलं, तर शीतलनं दोन लावली. मग रूपालीनं तिसरं लावलं. ईश्वरी "भिंगाला नको, भिंगाला नको" म्हणत मध्ये हात घालत राहिली. भिंग वाचलं, एवढ्यावर ती खूश झाली. त्याच पिवळ्या बोटांनी पाचही जणींनी आपापल्या वाटीवरची फडकी सोडली, चमच्यानं दही ढवळून पुढं केलं, आणि ते तिच्या ध्यानातही आलं नाही.

रीतसर काम करायचं तर आधी नुसत्या दुधाची एक काच पाहायची असते. त्यात चिवट जंतू नसणारच, म्हणून ती काळी दिसली पाहिजे. ईश्वरी ती काच तयार करायला वळली, तोवर स्वप्नीलरावांनी नारळ फोडला होता आणि दाराबाहेर अर्धं गाव पडद्यावरचं चित्र बघायला उभं होतं.

"मॅडम, लोक उन्हात आहेत."

तिनं दुधाची काच तशीच सोडली आणि पहिल्या वाटीतल्या दह्याची काच ठेवली. पडद्यावर काळोखात हिरवे गोल मणी चमकले. काय दिसत होते! टाळ्या पडल्या. दुसरी काच, हिरवे मणी. तिसरी, तेच. रूपालीची काच ठेवली, हिरवे मणी. मग शीतलची.

तीही हिरवीगार.

 मग स्वप्नीलराव आनंदानं ओरडले, "अहो, तोडकरांच्या दोन्ही घरांत एकच विरजण! म्हणजे म्हातारीचंच! दोघींनी जपलं की हो!"

आणि मग जे झालं ते ईश्वरीनं स्वप्नातही पाहिलं नव्हतं. इथं मध्ये भिंत नव्हती; तिच्या आईनं शीतलकडे मान वळवली आणि विचारलं, "तूपण टिकवलंस होय गं?"

"मग काय टाकून देणार?" शीतल म्हणाली. "सासूबाईंचं होतं."

"मला वाटलं, पाकीट आणतेस."

"मला वाटलं, तुम्ही आणता."

एवढंच बोलणं. पण शीतलनं पुढं होऊन रूपालीच्या कपाळावरचं पुसट झालेलं कुंकू नीट केलं, आणि ईश्वरीला पडद्यावरचं हिरवं अंधुक दिसू लागलं.

---

पुढचे दिवस म्हणजे घरात दिवाळीच. मधल्या भिंतीच्या दाराला जे कपाट टेकवलं होतं ते दोघींच्या नवऱ्यांनी मिळून हलवलं आणि हलवताना दोघांनीही आपली पाठ धरली. पापडाचं पीठ एकीकडे मळलं जायचं, लाट्या दुसरीकडे पडायच्या. साड्यांचे ढीग इकडून तिकडे गेले. "ईश्वरीला हिरवी पैठणी शोभेल." "हिरवी? ताई, ती काय चैत्रगौर आहे का?" आणि दोघी हसायच्या. ईश्वरी जेवायला बसली की दोन्ही बाजूंनी वाढप व्हायचं. तिनं ओजसला फोनवर सांगितलं, "माझं वजन वाढणार. पैठणीवरचं ब्लाउज सैलच शिव म्हणावं शिंप्याला."

स्वप्नीलरावांनी तर जाहीर करून टाकलं की सोमवारपासून तोडकरांचं विरजण सगळ्या तालुक्याला वाटायचं. थोरल्या जावेच्या घरून घ्यायचं, थोरली म्हणून.

शनिवारी दुपारी ईश्वरी शीतगृहात त्याच काचा पुन्हा बघत बसली होती. कौतुकानंच. आणि मग तिला काहीतरी खुपलं. मणी सारखे नव्हते. काही मोहरीएवढे, काही वाटाण्याएवढे. एका वाणाचे जंतू असे नसतात. ते साच्यातून काढल्यासारखे एका मापाचे असतात. शिवाय माळ कुठंच नव्हती. सगळे सुटे, तरंगणारे. जंतूंचे नव्हे, हे तर लोण्याच्या थेंबांचे आकार!

तिनं सुवासिनींच्या तबकातली चिमूटभर हळद नुसत्या दुधात टाकली, ढवळलं आणि काचेवर थेंब ठेवला.

हिरवे मणी. तेच. चमकदार.

तिनं कपाळावर हात मारला. हळदीचा रंग निळा उजेड गिळतो आणि हिरवा परत करतो, हे तिनं स्वतः विद्यार्थ्यांना शिकवलं होतं. तो पाण्यात विरघळत नाही, स्निग्धांशात मात्र मुरतो. पाच सुवासिनींच्या बोटांवरची हळद पाच वाट्यांत गेली होती, दह्यातल्या लोण्याच्या थेंबांत जाऊन बसली होती आणि अख्ख्या गावानं टाळ्या वाजवल्या होत्या. यंत्रानं कुणाचंच विरजण दाखवलं नव्हतं. पूजा दाखवली होती.

म्हणजे काकूचं आणि आईचं विरजण एक आहे की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं.

ईश्वरी काळोखात बसून राहिली. न बोलण्याचे फायदे तिनं एका बाजूला मांडले. उघडं दार, दोन बाजूंचं वाढप, मांडवात शेजारी शेजारी बसलेल्या दोघी. दुसऱ्या बाजूला एकच गोष्ट होती. सोमवारी तालुक्यातली शेकडो घरं आपलं दूध एका विरजणाच्या भरवशावर लावणार होती, आणि ते विरजण चिवट आहे याचा पुरावा म्हणजे चिमूटभर हळद. माणसानं आपल्या लग्नासाठी हवं ते खपवावं. पण लोकांचं दूध नासवायचं नाही. तिला हे पटायला वेळ लागला नाही. उठायला मात्र लागला.

---

घरी दोघी जावा ओसरीवर कुरडयांचा चीक हाटत होत्या. एक धरत होती, दुसरी ढवळत होती.

"आई, काकू, जरा थांबा. मला एक सांगायचंय."

"ओजसचं काही?" दोघी एकदम.

"नाही. यंत्राचं. माझी चूक झाली." आणि तिनं एका दमात सांगून टाकलं. हळद, लोणी, निळा उजेड, न पाहिलेली काच, सगळं. "त्या दिवशी दिसलं ते विरजण नव्हतंच. तुमचं दोघींचं एकच आहे असं काही सिद्ध झालेलं नाही. आजीचं आहे असंही नाही."

रूपालीनं शीतलकडे पाहिलं. शीतलनं चिकाकडे पाहिलं. ईश्वरीनं दाराकडे पाहिलं, कपाट पुन्हा आणायला किती माणसं लागतील याचा अंदाज घेत.

"ते मला तेव्हाच कळलं होतं," शीतल हळूच म्हणाली.

"काय कळलं होतं?"

"यंत्र चुकलंय ते. अगं, सासूबाईंचं विरजण माझ्याकडं आहेच कुठं? वेगळं झालो त्याच उन्हाळ्यात गेलं ते. मी माहेराहून आणलं, आटपाडीहून."

रूपालीच्या हातातला कलथा खाली आला. "आणि त्या दिवशी सगळ्यांसमोर 'टाकून देणार का' म्हणालीस?"

"तुम्ही इतक्या वर्षांनी बोललात, ताई. मी काय म्हणणार होते? यंत्र खोटं बोलतंय म्हणून?"

रूपाली पोट धरून हसायलाच लागली. हसता हसता खाली बसली. "अगं बया! माझंपण गेलं होतं की! बँकेतल्या पाटोळेबाईंकडून आणलंय मी. तुझी काच ठेवली तेव्हा मला धडकीच भरली. म्हटलं, हिचं खरं असणार, आणि माझं खोटं उघडं पडणार. पण दोन्ही हिरवी दिसली म्हटल्यावर मी तोंड मिटलं."

"म्हणजे तुम्हा दोघींना माहीत होतं?" ईश्वरीला राग यावा की रडू, कळेना. "आणि मी दुपारभर तिथं बसून जीव जाळत होते!"

"तू शिकलेली आहेस ना," काकू म्हणाली, "तुम्हाला पुरावा लागतो. आम्हाला निमित्त पुरतं."

"बस आधी. उन्हातून आलीस," रूपाली डोळे पुसत उठली आणि आतून वाटी घेऊन आली. "दही खा."

ईश्वरीनं चमचा घातला आणि थांबली. चमचा घातला तिथं खाच पडली, आणि खाचेच्या कडा जागच्या जागी उभ्या राहिल्या. पाणी नाही, तार नाही. घट्ट, सुरीनं कापावं असं दही. बाहेर डांबर वितळत होतं.

"हे कधी लावलं?"

"सकाळी तू गेल्यावर. परवापासून असंच लागतंय. दुपारपर्यंत तयार."

"कुणाचं विरजण?"

दोघी एकमेकींकडे पाहू लागल्या. मग शीतल म्हणाली, "दार उघडलं त्या दिवशी मी माझी वाटी ताईंच्या गाडग्यात ओतली. म्हटलं, दोन घरांत दोन गाडगी कशाला आता?"

ईश्वरी वाटी हातात घेऊनच उभी राहिली.

---

रविवारी सकाळी शीतगृहात पुन्हा तपासणी झाली. तांबडा फिल्टर अखेर आला होता. या वेळी ईश्वरीनं हळदीचं तबक गेटबाहेर ठेवलं, सगळ्यांना हातमोजे दिले आणि यंत्र पुसून पुसून लख्ख केलं. स्वप्नीलरावांना तिनं खरं काय झालं ते सांगितलं. त्यांचा चेहरा पडला, मग लगेच उजळला.

"म्हणजे आपली हळद उजेड देते? मॅडम, हे आपण छापून आणू!"

"छापून आणा. पण यंत्राला लावू नका."

आधी नुसत्या दुधाची काच. पडदा काळाकुट्ट. इतका सुंदर काळोख ईश्वरीनं कधी पाहिला नव्हता. मग गाडगी एक होण्याआधी आईनं वेगळं राखून ठेवलेलं दही. हिरवी माळ, एका मापाचे मणी, बारीक, अस्सल. पण विरळ, दमलेली. तांबडं काहीच नाही. मग काकूच्या वाटीत मागं उरलेलं. हिरवं नाही, तांबड्या काड्या, त्याही थोड्याच. एकीकडे एक वाण, दुसरीकडे दुसरं. दोन्ही चिवट, दोन्ही उपाशी.

शेवटी दोघींनी एकत्र केलेल्या गाडग्यातला थेंब.

पडदा भरून गेला. हिरव्या माळा तांबड्या काड्यांतून वाट काढत, काड्या माळांना बिलगून, इतक्या दाट की मधला काळोख शोधावा लागावा.

"हे असं का?" स्वप्नीलरावांनी आवाज खाली आणून विचारलं. देवळात बोलतात तसा.

"काड्या दुधातली प्रथिनं तोडतात, त्यांचे तुकडे माळांना खायला मिळतात. माळा जे टाकतात त्यावर काड्या वाढतात. एकटं वाण या उन्हात जेमतेम जगतं. दोन्ही एका भांड्यात आली की कामाला लागतात." ईश्वरीनं पडद्याकडे बोट केलं. "सोमवारी हेच वाटा, काका. एका घरचं नको. हे."

दोन्ही जावा दारावरचं काळं कापड सारून आत आल्या होत्या. रूपालीनं लेकीला बाजूला केलं आणि भिंगाला डोळा लावला. "यात मी कुठली?"

"तुझं विरजण हिरवं, आई."

"सरका ताई, मला बघू द्या." शीतलनं थोरल्या जावेला कोपरानं ढकललं आणि वाकली. "मी तांबडी होय? छान दिसते की. पण खरं सांग ईश्वरी, जास्त कोण आहे? मी की ताई?"

"असं डोळ्यांनी नाही सांगता येत, काकू. मोजावं लागेल."

"किती वेळ लागेल?"

"लागेल बराच."

रूपालीनं कोपऱ्यातलं बाकडं ओढलं, पदरानं पुसलं आणि सरकून शीतलला जागा करून दिली.

"मोज," ती म्हणाली. "आम्ही बसलोय."